मालक गणपतीला येतील

“पावणे, चाय घ्या नि निगा,” हौसाने कप पडवीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. “आमचे मालक मुंबईला असतात. गणपतीला येतील. तुमाला हितं बगितलान तर बरं दिसाचं नाय.”

मालक समोरच बसून चहा फुंकत होते.

लग्न झालं तेव्हापासून सदू फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्टमन होता. जन्म वरखाली करण्यात गेला, पुढे म्हणून कुठे गेला नाही. घरी यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला. रिटायर होऊन राजापूरजवळच्या गावी कायमचा आला आणि थोड्याच वर्षांत हौसाचं विसरणं सुरू झालं. आधी चुलीवरची पेज, मग गुरांची नावं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितलं आणि तिच्याशी वाद घालू नका म्हणाले. लग्न झालेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं.

आता ती नवऱ्याला विसरली, असं मात्र म्हणता येत नव्हतं. नवरा तिला पक्का आठवत होता. तो मुंबईला होता. जन्मभर तिथेच तर होता. मग हा म्हातारा कोण?

ती त्याच्यावर पाळत ठेवू लागली. त्याच्या अंगातला सदरा मालकांचा आहे हे तिने पकडलं आणि उतरवून घेतला. नात संस्कृती त्याला आजोबा म्हणाली, तर “कोनालापन आजोबा म्हनू नको” म्हणून तिला दटावलं. सून काशीचे हाल वेगळेच. तिचा नवरा विनीत मुंबईला, आणि सासूच्या मते हा बाहेरचा माणूस घरात घेतला तो काशीनेच. काशी विहिरीवर जाऊन रडायची आणि घागर भरून परत यायची.

दोन हजार दोनचे गणपती जवळ आले तसा सदूने बेत केला. हिला नवरा मुंबईहून हवा ना, मग मुंबईहून येऊ. एकदा ओळख पटली की परत जायचंच नाही.

चतुर्थीच्या आदल्या सकाळी तो मागच्या परड्यातून निसटला, फाट्यावर आडोशाला उभा राहिला आणि मुंबईची एसटी आली तसा उतरणाऱ्या चाकरमान्यांत बॅग घेऊन घुसला. काल संध्याकाळी ज्याच्या ओटीवर पान खाल्लं होतं, त्या सखारामने वाटेत विचारलं, कधी आलास? हा काय, आत्ताच, सदू म्हणाला. गाडीला गर्दी होती का, तेही सखारामने विचारून घेतलं. सखारामला कसलाही आजार नव्हता.

हौसा दारात उभी होती. तिने त्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला.

“वाळलाव वो,” ती म्हणाली.

सदू खांबाला धरून उभा राहिला.

गणपती बसले. जेवणं आटपल्यावर तिने त्याला माजघरात बोलावून कुजबुजत सांगितलं, की एक म्हातारा घरात शिरलाय आणि आज नेमका कुठेतरी दडलाय.

“हाकलून देऊ?”

ती विचारात पडली. “नको. गुरांना पानी दावतो. राती मना भ्या वाटला तर उठून जवळ बसतो. तुमी नसताव ना.”

सदूला त्या म्हाताऱ्याचा संशय येऊ लागला. आपल्या पाठीमागे हे कुठवर गेलं होतं? त्याने काशीकडे चौकशीही केली. काशी तोंडाला पदर लावून हसत सुटली, आणि मग पदर डोळ्यांवर गेला तो तिने काढलाच नाही.

विसर्जन झालं, चाकरमानी परतले, तरी सदू घरातच. हौसा बेचैन झाली. रजा संपली असेल, साहेब ओरडेल. सदूने सांगून पाहिलं, की नोकरी सुटली, आता इथेच राहणार. तिने त्याला नीट निरखलं. तिच्या नजरेत ती ओळखीची शंका वर येताना त्याला दिसली.

“उद्याची गाडी हाय,” तो घाईने म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने आमसुलं आणि फणसपोळी बांधून दिली.

सकाळी ती तो वळणाआड होईपर्यंत दारात उभी राहिली. फाट्यावर गाडी आली, गेली. सदूने बॅग सखारामकडे टाकली आणि परड्यातून मागे आला. हौसा मागच्या दारात वाटच बघत होती. इकडेतिकडे पाहून तिने त्याला आत घेतलं.

“मालक गेले,” ती हळू आवाजात म्हणाली. “तेना कायेक संशय आला नाय. बसा, जेवा.”

तिने पिठीभात वाढला. सदू मान खाली घालून जेवला. उठताना आपलं ताट त्याने आपणच घासलं आणि परक्या घरी ठेवतात तसं भिंतीशी पालथं घातलं.