अठ्ठावीस रेषांचा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. जुना म्हटलं की लोक लगेच आवाज मऊ करतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, मला तुमची कीव नको. वाळवी माझ्या वाटेला गेलेली नाही आणि मी आजही ताठ उभा आहे. पुष्कळ जण माझ्यावर चिडले, एकाने तर माझ्यावर करवतही चालवली. तरी मी माझं म्हणणं बदललं नाही.

आधी मी एका लाकडी पुलाची तुळई होतो. डोक्यावरून गाड्या जायच्या. वाकायचं नाही, हे मी तिथेच शिकलो. पूल पाडला तेव्हा धनुष्यं बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझा पुरुषभर उंचीचा तुकडा मागून घेतला, तासून गुळगुळीत केला आणि आपल्या कारखान्याच्या भिंतीला चार बोल्टांनी पक्का बसवला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला रस्त्याकडची खिडकी, दुसऱ्या बाजूला वर जाणारा जिना, आणि पायाखाली कायम लाकडाचा भुसा.

माझं काम नवी धनुष्यं ताणून पाहायचं. माझ्या माथ्यावर एक खोल खाच आहे. धनुष्याची मूठ तिच्यात बसवतात, दोरी खाली लोंबते. त्या दोरीत हूक अडकवायचा, हुकाचा दोर माझ्या पायाशी असलेल्या कप्पीतून न्यायचा आणि चार पावलं लांब उभं राहून ओढायचं. लांब अशासाठी, की मोडलंच तर ढलपी तोंडावर येऊ नये. किती ओढलं ते कळावं म्हणून म्हाताऱ्याने तापलेल्या सळईने माझ्या छातीवर एक ते अठ्ठावीस इंचांच्या रेषा डागल्या. शेवटच्या रेषेपर्यंत जे येईल तेच दाराबाहेर जाईल, असा त्याचा नियम होता.

त्या खाचेत किती जातींची लाकडं बसली म्हणून सांगू. शिसव मोठ्या घरच्या पाहुण्यासारखी यायची, काळीभोर, जड, दिसायला देखणी. मोडायची नाही, पण तिचा बाण आळसावल्यासारखा जायचा. खोक्यांचं हलकं लाकूड चटकन वाकायचं आणि मग वाकलेलंच राहायचं, त्याला कुणीही नमवावं. बाभळीशी माझं जमायचं. ती गाठीगाठींची आणि हट्टी, हाताला फोड आणणारी, पण एकदा सरळ तुकडा मिळाला की शेवटच्या रेषेला हसत यायची. बांबू गुणी होता, फक्त त्याच्या पाठीला ओरखडा गेला की तो उभा चिरायचा.

आणि तुती. तिचं लाकूड कापल्यावर पिवळंधमक दिसतं आणि उजेडात हळूहळू तपकिरी होतं. वजनाला हलकी, स्वभावाने समजूतदार. जास्त ताण आला तर आधी कुरकुरून सांगते, आणि सोडली की पुन्हा सरळ. पण तुतीला धीर धरावा लागतो. ओंडक्यांच्या तोंडांना मेण फासून ते दोन वर्षं सावलीत वाळवायचे. घाई केली की तडकलेच.

म्हातारा गेला. पाटीवर मुलाचं नाव लागलं. त्याला सगळे भाऊ म्हणायचे, फक्त त्याची थोरली बहीण सोडून. ती अक्का. पन्नाशीला टेकलेल्या भावाला ती चारचौघांत बाळ्या म्हणायची. पाटीवर तिचं नाव नव्हतं, पण कुठला ओंडका कधी आला, कुठल्याची साल कधी काढली, सगळं तिला तोंडपाठ होतं. रस्ता रुंद करताना तुतीची झाडं तोडली तेव्हा सात ओंडके हातगाडीवर घालून तिनेच आणले होते आणि जिन्याखाली रचून ठेवले होते.

मग शाळेची मागणी आली. शाळेच्या धनुर्विद्येच्या प्रशिक्षक बाईंना चाळीस धनुष्यं हवी होती, तीही तीन महिन्यांत. भाऊला आकाश ठेंगणं झालं. अक्काने जिन्याखाली जाऊन ते वाळलेले ओंडके पाहिले आणि सांगितलं, एका ओंडक्याची दोन, म्हणजे चौदा होतील. बाकीची दोन वर्षांनी.

भाऊला हे पटणारं नव्हतं. समोरच्या फर्निचरवाल्याकडे सागवानाच्या कोरड्या, सरळ फळ्या तयार होत्या. त्याने त्याच आणल्या. आता सागवानाबद्दल मला वाईट बोलायचं नाही. दारं करा, पलंग करा, त्याला तोड नाही. पण या फळ्या दारांसाठी कापलेल्या होत्या. लाकडातल्या रेषा काठाशी तिरप्या सुटलेल्या, आणि अशी फळी वाकवली की त्या तिरप्या रेषेवरच दगा देते, तोही न सांगता.

पहिलंच सागवानी धनुष्य भाऊने माझ्यावर चढवलं, बावीसपर्यंत ओढलं आणि उतरवलं. माझ्या उभ्या आयुष्यात असं कुणी केलं नव्हतं. अक्काने विचारलं, तर म्हणाला की शाळेतली पोरं आहेत, ती काय कानापर्यंत ओढणार आहेत? त्यावर अक्का म्हणाली, पोरी भांडणात एकमेकींच्या वेण्या किती ओढतात ते तू विसरलास.

दुसऱ्या दिवशी भाऊ बाहेर गेला होता. अक्काने तेच धनुष्य पुन्हा चढवलं आणि दोर हातात घेतला. बावीस. तेवीस. चोविसाव्या रेषेला ते मोडलं. अर्धा तुकडा भिंतीवरच्या घड्याळाची काच फोडून गेला.

भाऊ परत आला, त्याने घड्याळ पाहिलं, अक्काकडे पाहिलं. तिला काही बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती, म्हणून सगळा राग माझ्यावर निघाला. बाविसाच्या पुढे खांबच ठेवत नाही, मग कोण ओढतो बघू, असं म्हणत त्याने करवत आणली आणि बाविसाव्या रेषेच्या खाली लावली. एक ओढ, दोन ओढी, तीन. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. पण मी करवतीचे दात असे धरून ठेवले की त्याला घाम फुटला.

अक्काने त्याचा हात धरला नाही. ती खाली मोडक्या तुकड्यांपाशी बसली आणि शांतपणे म्हणाली, "काप. पण तुझी लेक त्याच शाळेत आहे, बाळ्या. तिच्या हातात यातलं कुठलं देणार, ते आत्ताच बाजूला काढून ठेव."

करवत थांबली. करवत माझ्यातच अडकलेली ठेवून तो जिन्याने वर निघून गेला.

पुढच्या आठवड्यात बाई धनुष्यं पाहायला आल्या. टेबलावर सहा सागवानी धनुष्यं चकचकीत पॉलिश करून मांडलेली होती, शेजारी पिवळी तुतीची चार. बाईंनी सागवानी उचललं आणि छान आहे म्हणाल्या. भाऊने ते माझ्यावर चढवलं आणि दोर ओढला. दोरी बावीसवर येऊन थांबली. खाली, भाऊने करवत उपसून काढली होती तिथे, ताजी खाच होती. बाईंनी साधंच विचारलं, "या खालच्या रेषा कशाला आहेत?"

काहीही सांगता आलं असतं. जुन्या आहेत, मोठ्या माणसांच्या धनुष्यांसाठी आहेत, बाईंना ते खरं वाटलं असतं. अक्का खिडकीपाशी उभी होती. भाऊने बाईंना मागे व्हायला सांगितलं, दोर मनगटाला गुंडाळला आणि ओढला. सव्विसाव्या रेषेला धनुष्याचे तीन तुकडे झाले. एक ढलपी त्याच्या भुवईला लागून रक्त आलं. रक्त पुसायला न थांबता त्याने तुतीचं चढवलं. ते कुरकुरलं, वाकलं आणि अठ्ठाविसाव्या रेषेला येऊन टेकलं.

"अशी चौदाच देता येतील," भाऊ म्हणाला. "बाकीची माझ्याकडे नाहीत."

तुम्हाला वाटेल, मग बाई खूश झाल्या आणि दुकानाची भरभराट झाली. तसं काही झालं नाही. बाईंनी चौदा घेतली आणि उरलेली सव्वीस एका मोठ्या कंपनीची, फायबरची घेतली. पुढच्या वर्षी सगळीच फायबरची घेतली. गल्लीत बोभाटा झाला की भाऊने स्वतःच्या हाताने स्वतःची मागणी मोडली. फर्निचरवाला येऊन हसून गेला. भाऊ महिनाभर अक्काशी धड बोलला नाही. पण माझ्या जखमेत लाकडाची पाचर ठोकून ती घट्ट भरली, तीही त्यानेच.

त्या चौदा धनुष्यांतलं एकही कुणा मुलाच्या हातात मोडलं नाही. याबद्दल कुणी कधी आमचं कौतुक केलं नाही. न मोडलेल्या वस्तूची बातमी होत नसते.

हळूहळू धनुष्यं बंद झाली. भाऊ थकला, अक्काचे गुडघे गेले. कारखाना भाऊच्या लेकीने हातात घेतला. ती खुर्च्या आणि पाळणे बनवते. बरीच वर्षं माझ्या हुकाला ओल्या छत्र्या लटकत होत्या. मग एकदा श्रीमंतांची घरं सजवणारे एक गृहस्थ आले. त्यांना मी फार आवडलो. या रेषा घासून काढू, वर एक दिवा बसवू, दिवाणखान्यात काय शोभेल, असं ते म्हणाले. लेकीने वर जाऊन भाऊला विचारलं. भाऊने खाली निरोप पाठवला की खांब कामावर आहे. खरं तर तेव्हा मी कामावर नव्हतो. पण लेकीने ते मनावर घेतलं. गृहस्थ गेल्यावर तिने छत्र्या काढल्या, कप्पीला तेल दिलं आणि नुकत्याच केलेल्या खुर्चीची पाठ माझ्यावर ओढून पाहिली.

तेव्हा मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. मला पुसायचं विसरलात तरी चालेल, माझ्यावर धूळ बसू द्या. पण कुणी एखादी वस्तू मजबूत आहे म्हणून तुमच्या हातात दिली, तर ती कुठपर्यंत ओढून पाहिली, हे विचारा. आणि तुम्ही स्वतः काही बनवाल, तेव्हा सोयीच्या रेषेवर थांबू नका. मोडायचं ते तुमच्या हातात मोडू द्या.

गेल्या सोमवारी लेकीने एका पाळण्याचा कठडा माझ्यावर ओढला. गिऱ्हाईक दारात रिक्षा थांबवून उभं होतं. एकोणिसाव्या रेषेला सांधा उघडला. तिने पाळणा उचलून परत आत नेला. गिऱ्हाईक बरंच बोललं, माझ्याकडे बोट दाखवूनही बोललं. मी जागचा हललो नाही.