सगळ्यांनी लिहायचं

समुपदेशक बाईंच्या तासाला मुली 'मनाचा तास' म्हणत. वयात येताना शरीराचं काय होतं ते विज्ञानाच्या पुस्तकात होतंच. मनाचं काय होतं आणि ते कुणाशी कसं बोलायचं, हे बाई शिकवत. त्यासाठी त्यांनी बुटांचा एक खोका आणला होता, झाकणाला ब्लेडने फट पाडलेला. नियम एकच, चिठ्ठी सगळ्यांनी लिहायची. विचारायचं नसेल तर 'प्रश्न नाही' असं लिहायचं, पण पेन प्रत्येकीचं चाललं पाहिजे. म्हणजे कोणी विचारलं, ते कोणाला कळत नाही.

आज तो नियम बाईंनीच मोडला, तोही दहा मिनिटं वाचवायला. धडा होता 'नाही' म्हणण्याचा. मुली आधी खुसुखुसु हसल्या, मग पोटातून आवाज काढून 'नाही' म्हणायला शिकल्या, आणि त्यात वेळ गेला. या तासाला वर्गात आणखी एक मोठं माणूस हवं, अशी शाळेची पद्धत. नेहमीच्या चित्रकलेच्या बाई रजेवर होत्या, म्हणून मागच्या बाकावर खेळाचे सर बसले होते. मोठा लाघवी माणूस, अख्खी शाळा त्यांच्यावर जीव टाकायची.

"ज्यांना खरंच काही विचारायचंय त्यांनीच लिहा," बाई म्हणाल्या.

पेन एकीचंच चाललं. धावण्याच्या संघाची कप्तान, एरवी बोलून बोलून कान किटवणारी, आज हाताच्या आडोशाने लिहीत होती. सर तिच्याकडे टक लावून बघत होते. शिस्त राखताहेत, असं बाईंना वाटलं.

सवयीप्रमाणे बाईंनी चिठ्ठी मोठ्यांदा वाचायला घेतली. "ज्याला नाही म्हणायचंय, तो माणूस आत्ता..."

पुढचं त्यांनी नुसतंच डोळ्यांनी वाचलं. 'याच वर्गात बसला असेल तर?'

"अक्षर लागत नाहीये," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जन्मात कधी जमलं नव्हतं.

सर उठले. "राहू द्या हो बाई. कप्तान, चल, सामानाची खोली उघडू. आज सराव लवकर घेऊ."

मुलगी उठली. तिने बाईंकडे एकदाच पाहिलं.

"नाही," बाई म्हणाल्या. वर्गाला शिकवलेला पोटातला आवाज कुठे गेला कोण जाणे, हा कसाबसा घशातून आला. "तास संपला नाही अजून. ती इथेच बसेल."

सर हसले. "बसू दे की. सराव काय, उद्या आहेच." हे शेवटचं ते बाईंना नाही, मुलीला म्हणाले, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

बाईंना स्वतःची भयंकर चीड आली. दहा मिनिटांपायी पोरीला त्यांनी उघडं पाडलं होतं. त्यांनी पुन्हा कागद वाटले. "आता प्रत्येकीने लिहा. हे मी वाचून दाखवणार नाही."

या वेळी पेनं सगळ्यांची चालली. कोणी हसलं नाही. खोका भरून आला तसं बाईंनी कप्तानला जवळ बसवलं आणि मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली. प्रश्न नाही. प्रश्न नाही. तिसऱ्या चिठ्ठीवर सामानाच्या खोलीबद्दल होतं. पाचवीवरही. नवव्या चिठ्ठीवरही तेच, अक्षर मात्र वेगळं.

खाली मैदानावर सरांची शिट्टी वाजली. बाई खिडकीशी गेल्या. धाकट्या वर्गाच्या मुली रांगेत उभ्या होत्या, आणि सर त्यातल्या एकीच्या हातात किल्ली देत होते.