कॉइलवरची खरवड

हालवोरचं पत्र आलं तेव्हा माझ्या बायकोच्या, रग्नाच्या कबरीवरची माती अजून बसलीही नव्हती. त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यावं असं त्यात काही नव्हतं, असं म्हणून मी वेळ मारून नेई. खरं म्हणजे त्यातलं प्रत्येक वाक्य मला पटलं होतं.

'दाजी,' त्यानं लिहिलं होतं, 'माझ्या बहिणीच्या मयताची बिअर तुम्ही करपवलीत. आईचं यीस्ट तुमच्या हातात मेलं. उरलंसुरलं असेल ते परत पाठवा. पुस्तकवाल्याच्या घरात त्याचं काय काम?'

हालवोर रग्नाचा धाकटा भाऊ. आमच्या खोऱ्यात प्रत्येक जुन्या घराचं आपलं यीस्ट, बिअर आंबवायचं विरजण, असतं. बिअर उतरवली की लाकडी कड्यांची माळ तळाला उरलेल्या यीस्टच्या साक्यात बुडवायची, वाळवायची आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवायची. सासूबाईंनी त्यांची माळ मुलाला न देता मुलीला दिली. हालवोरला दर नाताळाला बहिणीच्या दारात विरजण मागायला यावं लागे, आणि ते त्यानं तिला कधी माफ केलं नाही. रग्ना गेली तेव्हा माळ माझ्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या खिळ्याला होती. तिच्या हातची म्हणावी अशी तेवढी एकच जिवंत गोष्ट माझ्याकडे उरली होती.

मयताची बिअर, पुरून आल्यावर लोकांना द्यायची, घरच्या माणसानंच करायची असते. रग्ना तांब्याचं मोठं भांडं लाकडाच्या जाळावर चढवी आणि मी कोपऱ्यात वाचत बसे. "एलिंग, पुस्तक ठेव, जरा ढवळ," असं ती म्हणे, तेवढाच माझा अनुभव. ते भांडं मला एकट्याला उचलेना, म्हणून मी विजेचं आणलं. तळाशी तापणारी कॉइल होती. माल्टचं, मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी गढूळच होतं, ते तसंच ओतलं, बटण पूर्ण फिरवलं आणि चर्चमध्ये बोलायचे चार शब्द लिहीत बसलो. ते मला शेवटपर्यंत जमले नाहीत.

चर्चमधून परतल्यावर हालवोरनं पहिला घोट घेतला आणि पायरीवरून बर्फात थुंकला. मग वाडगा उलटा केला. पांढऱ्या बर्फात तपकिरी भोक पडलं.

"करपलीय!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बायको शवपेटीत, आणि दाजी काय वाचत बसले होते, विचारा त्यांना!"

"दाजी," शेजारचा ओड्वार म्हणाला, "तिला पुरायचं होतं हो, जाळायचं नव्हतं."

लोक हसले. मयताला हसू दाबतात तसे, खांदे हलवून. पाद्रीबुवांनी कॉफी मागितली. मीही थोडा हसलो असेन. अशा वेळी माझा चेहरा काय करतो ते मला कळत नाही.

शरमेनं मी ते भांडं न धुताच तळघरात ढकललं. वसंतात एकदा धाडस करून झाकण उघडलं. कॉइलवर काळी खरवड जाड बसली होती, दूध खाली लागल्यावर पातेल्याला बसते तशी. एक खपली काढून जिभेवर ठेवली. मयताच्या दिवशीची चव तीच होती. म्हणजे यीस्टचा यात संबंध नव्हता. तरी मला माझ्या जिभेचा भरवसा नव्हता, म्हणून थोडंसं माल्ट भिजवून छोट्या भांड्यात रस काढला आणि माळेचं एक कडं त्यात सोडलं. सकाळी फेस भांड्याबाहेर आला होता. यीस्ट जिवंत होतं; कडं वाळवून मी माळ परत खिळ्याला टांगली.

मग उन्हाळाभर मी बिअर केली. कोणाला बोलावलं नाही. कोणी आलंही नसतं. काही खेपा नासल्या, त्या मोरीत गेल्या. करपणं मात्र हळूहळू थांबलं.

यंदा हालवोरचा खांदा गेला, त्याला त्याचं तांब्याचं भांडं उचलेना. पोरांनी त्याला विजेचं भांडं घेऊन दिलं, आणि यीस्ट त्यानं कोणाकडून तरी उसनं आणलं. नाताळाआधी बिअर उतरवली की शेजाऱ्यांनी चाखायला जायचं असतं. मी जाणार नव्हतो, पण त्याच्या बायकोनं, गुन्वोरनं, फोन केला.

वाडगा फिरत माझ्यापर्यंत येण्याआधीच वास आला.

"वा!" ओड्वार मिशा पुसत म्हणाला. "आजोबांच्या वेळचा धूर आहे बघा हिच्यात."

"जुना बाज," दुसरा म्हणाला. "असली बिअर हल्ली कोण करतो?"

"घ्या दाजी," हालवोरनं वाडगा माझ्या हातात कोंबला. "बिअर कशाला म्हणतात ते मरायच्या आधी एकदा कळू दे."

सगळे बघत होते. मी प्यायलो. तीच खपली, तोच कडवटपणा.

"चांगली आहे," मी म्हणालो.

"चांगली! बघा, पुस्तकवाल्या मास्तरांनी पास केलं!" हशा झाला. "आणि आईचं यीस्ट? की पुढच्या मयतालाही करपवायचंय?"

मी वाडगा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. गुन्वोर बाही वर सारून भांडं घासत होती.

"भावोजी, हे काळं काही केल्या निघत नाही. यांना म्हटलं तर म्हणतात, तोंड बंद ठेव."

"बाहेरच्यांना कळलंय का?"

"न कळायला काय झालं? त्यांना जीभ नाही का?" ती हात न थांबवता म्हणाली. "पण हे हालवोर आहेत. तुम्ही तुम्ही आहात."

घरी येऊन मी उत्तर लिहिलं. पुष्कळ कागद फाडले. शेवटी उरलं ते असं:

'हालवोर, उत्तराला उशीर झाला. आईचं यीस्ट जिवंत आहे आणि ते इथंच राहील. करपवते ती कॉइल. माल्टचं पीठ तळाशी बसतं आणि तिच्यावर भाजून निघतं. म्हणून रस नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा माल्टाच्या थरावर ओतून त्यातूनच गाळून घे. कॉइल पूर्ण बुडाल्याशिवाय बटण लावू नकोस. आच मंद ठेव, आणि उकळी फुटेपर्यंत लाकडी पळीनं तळ खरवडत राहा, बसून राहू नकोस. करपलाच तर रस फेकून दे, लोकांना पाजू नकोस. दर खेपेला कॉइल घासून पांढरी कर, जुन्या खरवडीवर नवी लवकर धरते. सोबत माझ्या कॉइलची खपली पाठवतो आहे. चाखून बघ. तुझ्या वाडग्यात मी ती लगेच ओळखली, आणि इतरांनीही. यापुढचं मयत तुझं की माझं, ठाऊक नाही. माझं असेल तर बिअर तू करशील, म्हणून हे शिकवून ठेवतो. तुझं असेल तर मी करीन. ती करपणार नाही.'

शेवटचं वाक्य फार गर्वाचं वाटलं. खोडावं म्हणून पेन हातात घेतलं, रग्नाच्या माळेकडे पाहिलं आणि टोपण लावून टाकलं. खपली कागदात गुंडाळून पाकिटात घातली. पत्रपेटी रस्त्याच्या वळणावर आहे. झडप बर्फानं गच्च झाली होती. मी ती मुठीनं ठोकून उघडली आणि पत्र आत टाकलं.