कोण कोणाला चावलं

"मांजर धाकटी चावलं!" थोरली धापा टाकत स्वयंपाकघरात आली आणि आईच्या हातातली कढई सुटता सुटता राहिली.

आईनं पुढचं काही विचारलं नाही. धाकटीला उचललं, पायात सापडेल ती चप्पल घातली आणि थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी धाकटीचे हात पाहिले, पाय पाहिले, मान वळवून पाहिली. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. "चावलं कुठं?" त्यांनी विचारलं. धाकटीनं जीभ बाहेर काढून तिच्यावरचा एक बारीकसा पांढरा केस चिमटीत धरून दाखवला आणि म्हणाली, "कानाला. पण मी हळूच चावले."

घरी येईपर्यंत आईला हसू आवरेना, आणि घरी आल्यावर रडू आवरेना. कारण थोरली आठव्या वर्षात होती, आणि तिचं सगळं बोलणं असंच होतं. "बाबा आजोबा फोन दे." आता बाबांनी आजोबांना द्यायचा, की आजोबांनी बाबांना? "टेबल पेन पडलं." टेबलावर पडलं, की टेबलावरून पडलं? शब्द सगळे हजर, पण त्यांना जोडणारं शेपूट प्रत्येक वेळी गायब.

तसं का, हे माहीत होतं. लहानपणी वारंवार कानात पाणी साचायचं. तिला मोठे आवाज ऐकू यायचे, शब्दांच्या शेवटी हळूच उच्चारलेले आवाज यायचे नाहीत. 'ला', 'नं', 'त' हे सगळं तिच्या दृष्टीनं नव्हतंच. पुढं कानाचं छोटं ऑपरेशन झालं, ऐकू नीट यायला लागलं, पण बोलायची सवय जुनीच राहिली. भरलेल्या वर्गात ती मागच्या बाकावर गप्प बसायला लागली, तेव्हा आईबाबांनी तिला घरीच शिकवायचं ठरवलं. मग ताई घरी तर मी का नाही, म्हणून धाकटीही घरी.

गणित जमलं, वाचनही रेटलं गेलं. घोडं अडलं ते व्याकरणापाशी.

आई अर्धा दिवस एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायची. प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा, छोट्या छोट्या सुऱ्या. मेणात एकेक दात बसवताना केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. तिच्या कामात चूक म्हणजे चूक आणि बरोबर म्हणजे बरोबर. व्याकरणाचा अभ्यासक्रम निवडायचा म्हटल्यावर तिला वाटलं होतं, इथंही तसंच असेल. चार जणांना विचारू, त्यातला उत्तम घेऊ, झालं.

पहिले विचारले सासरे. ते कचेरीत आयुष्यभर टंकलेखक होते आणि दुसऱ्याच्या पत्रातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांना अजूनही झोपेत दिसायचा.

"सूनबाई, यात विचारायचं काय? आधी विभक्ती तोंडपाठ. पाया पक्का तर इमारत पक्की. पहिली ते आठवी, एकवचन, अनेकवचन, सगळं घोकून घ्यायचं."

मग विचारली तिघांची आई. हिची तिन्ही मुलं घरी शिकत होती, त्यामुळं घरी शिकवणाऱ्या पालकांत तिचा शब्द वजनदार. ती फोनवर जवळजवळ ओरडलीच. "विभक्ती? आठ वर्षांच्या मुलीला? अगं, मूल बोलायचं बंद होईल! दहा वर्षांपर्यंत व्याकरणाचं नावसुद्धा काढू नकोस. गोष्टी वाच, खेळ खेळ. माझ्याकडे चित्रांच्या पत्त्यांचा एक संच आहे, तो पाठवते."

नवऱ्याला विचारलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून येऊन नुकताच टेकला होता, हाताला अजून ग्रीस होतं. "तुला पटेल ते कर," तो म्हणाला.

"मला पटत नाहीये म्हणून तर विचारतेय ना!"

"मग आधी एक करून बघ, मग दुसरं."

म्हणायला सोपं. पण मूल म्हणजे काही मेणाची पट्टी नव्हे, चुकलं तर वितळवून पुन्हा बसवायला. हे तिच्या मनात आलं, पण बोलली नाही. पहिल्यांदा सासऱ्यांचा मार्ग धरला, कारण सासरे घरातच होते.

थोरलीनं सगळ्यांना चकित केलं. रोज सकाळी आजोबा गॅलरीतल्या खुर्चीत, ही समोर पाटावर. "द्वितीया?" "स ला ते, स ला ना ते!" "पंचमी?" "ऊन हून, ऊन हून!" तिला ते गाण्यासारखं आवडलं. झोका घेताना, दात घासताना, "चा ची चे, चे च्या ची." आजोबांची छाती फुगली. आईलाही वाटलं, चला, एकदाचं गाडं रुळावर आलं.

आणि त्याच दिवशी जेवताना थोरली म्हणाली, "आई, धाकटी पाणी दे."

"धाकटीला," आई म्हणाली.

"द्वितीया!" थोरली आनंदानं ओरडली. "स ला ते! आई, धाकटी पाणी दे ना."

सासऱ्यांनीच तांब्या उचलून धाकटीला पाणी दिलं.

मग पत्त्यांचा संच आला. सुंदर चित्रं. एका पत्त्यावर मुलगी, एकावर हत्ती, एकावर बादली. दोन-तीन पत्ते उचलायचे आणि वाक्य करायचं. धाकटी पटापट वाक्यं करायची. 'मुलीनं बादलीनं हत्तीला आंघोळ घातली', 'हत्तीनं मुलीला बादलीत बसवलं'. थोरली पत्ते हातात धरून नुसती बसायची. खेळाच्या नियमाप्रमाणे आईनं चुका सुधारायच्या नव्हत्या, नुसतं बरोबर वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. पण थोरलीच्या प्रत्येक वाक्यानंतर आई तेच वाक्य गोड आवाजात पुन्हा म्हणते आणि धाकटीच्या वाक्यानंतर म्हणत नाही, हे न कळण्याइतकी थोरली खुळी नव्हती. चार-पाच वेळा खेळून झाल्यावर तिनं पत्ते ठेवून दिले. आणि हळूहळू, पाणी हवं असलं तरी ती माठाकडे बोट दाखवायला लागली.

आई घाबरली. तिघांची आई म्हणाली, "आधी घोकंपट्टी केलीत ना, त्याचा परिणाम." सासरे म्हणाले, "घोकणं मध्येच सोडलंत ना, त्याचा परिणाम." आई कपाळाला हात लावून बसली. दोघंही तितक्याच खात्रीनं बोलत होते, आणि दोघांचंही खरं वाटत होतं.

अशातच एके दिवशी सासरे डोळे तपासायला गेले, धाकटीलाही बरोबर घेऊन. नवरा कामावर. म्हणून आई थोरलीला कामावर घेऊन गेली. मागच्या खोलीत दिव्याजवळ तिला बसवायचं नव्हतं, म्हणून बाहेरच्या बाकावर चित्रकलेचं सामान देऊन बसवलं. मधलं दार उघडं होतं.

त्या दिवशी वखारवाल्या आजींची कवळी तयार झाली होती. आजींनी नवऱ्यामागं लाकडाची वखार एकटीनं चालवली होती. करवतींच्या आवाजात जन्म गेल्यामुळं त्यांना ऐकू कमी यायचं आणि बोलायच्या मात्र त्या खणखणीत. निदान दात असताना बोलायच्या. डॉक्टरांनी कवळी बसवली, "साठ, एकसष्ट, बासष्ट" असं सत्तरपर्यंत म्हणायला लावलं. प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती.

"आजी, आता थोडा वेळ बाहेर बसा," डॉक्टर मोठ्यानं म्हणाले. "कोणाशी तरी बोलत राहा. कुठं टोचतंय ते कळेल."

आजी बाहेर येऊन थोरलीच्या शेजारी बसल्या. तिथं दुसरं कोणी नव्हतंच.

"काय गं, तू कोणाची?"

थोरलीनं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. आजींनी तिकडं पाहिलंच नाही. हात कानामागं लावून वाट बघत राहिल्या.

"आई," थोरली पुटपुटली.

"आई? तू कोणाची आई? एवढीशी?"

थोरली फिस्कन हसली. "आईची!"

"असं सांग की. काय करते तुझी आई?"

"दात."

"दात काय करते?"

"दात करते."

"कशाचे?"

"मेण."

"कशाचे?" आजी आणखी वाकल्या.

"मेणाचे! आधी मेणाचे!"

"बरं. आणि ते कोणाला देते?"

"तू."

"मी देते? मी कुठली देऊ? मला तर आत्ताच मिळालेत."

"तुला!" थोरली बाकावरून उठूनच उभी राहिली. "आई तुला देते! तुला!"

"मला होय? मग बरोबर," आजी म्हणाल्या आणि शिट्टी वाजवत हसल्या.

आत आईच्या हातातली सुरी दिव्यावर धरलेली तशीच राहिली. मेण करपल्याचा वास आल्यावर तिला भान आलं. बाहेर 'कशानं?', 'कुठून?', 'कोणापाशी?' चालूच होतं. थोरली चुकत होती, आजी गोंधळत होत्या, थोरली वैतागून पुन्हा सांगत होती, आणि दुसऱ्या खेपेला शेपूट बरोबर लागत होतं. आजी तिला शिकवत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं.

घरी आल्यावर आईनं तेच करून बघितलं. "कोणाला देऊ भाजी?" "कशात वाढू?" थोरली दोन दिवस उत्तरं देत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुला दिसतंय ना? मग कशाला विचारतेस?" आणि पुन्हा बोट.

आईनं तिघांच्या आईला सगळं सांगितलं. "बघ!" ती म्हणाली. "मी म्हणत होते, व्याकरणाची गरजच नाही!" सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कोणाला, कशानं, कुठून? अहो, ही तर विभक्तीच! मी दुसरं काय म्हणत होतो?" नवऱ्याला सांगितलं. त्यानं नुसतं विचारलं, "आजी पुन्हा कधी येणारेत?"

आजी चार-दोन दिवसांत आल्याच. हिरडीला एके ठिकाणी टोचत होतं. आईनं तिथं कानशीनं हलकेच घासून दिलं आणि धीर करून विचारलं, "आजी, आमच्याकडे याल का अधूनमधून? थोरलीला व्याकरण शिकायचंय."

"मला व्याकरण येत नाही गं," आजी म्हणाल्या. "आणि मला नीट ऐकूही येत नाही."

"म्हणूनच," आई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन लाजेनं लाल झाली.

आजींनी जिभेनं नवे दात चाचपले. मग म्हणाल्या, "येते. माझ्या दातांनाही सवय व्हायला हवी. पण चहा कडक पाहिजे."

त्या यायला लागल्या. कधी आठवड्यातून दोनदा, कधी आठवडाभर नाहीतच. शिकवणं वगैरे काही नाही. थोरली त्यांना घरातल्या बातम्या सांगायची, त्या अर्ध्या ऐकायच्या आणि उरलेल्या उलटसुलट विचारून घ्यायच्या. एकदा धाकटी मध्येच उत्तर द्यायला लागली, तर आजींनी तिला वाटाणे सोलायला बसवलं.

आईला वाटलं, आता बाकीचं बंद करावं. तर थोरलीनंच पाय आपटले. सकाळी आजोबांबरोबरचं घोकणं तिला हवंच होतं. "स ला ते" म्हणताना तिला मजा यायची, आणि आजोबांनाही. पत्ते धाकटीनं सोडले नाहीत. त्यामुळं घरात एकाच वेळी तीन अभ्यासक्रम नांदायला लागले, आणि त्यातले दोन एकमेकांच्या विरुद्ध. आई कुठलाच बंद करू शकली नाही. हे चांगलं चाललंय की सगळं बिघडतंय, ते तिला कळत नव्हतं. कधी वाटायचं, थोरली सुधारतेय. दुसऱ्याच दिवशी "मांजर दूध सांडलं" ऐकलं की वाटायचं, कुठलं काय.

एका सकाळी ती कामाला निघायच्या घाईत होती. थोरली आतून ओरडली, "आई, धाकटीनं आजोबांच्या चष्म्याला चिकटपट्टीनं चित्र लावलंय!"

"धाकटे!" आई तिथूनच कडाडली. आत गेली, चष्मा ताब्यात घेतला, चिकटपट्टी नखानं खरवडून काढली, धाकटीला बोलली, तीही उलटून बोलली. काच पदरानं पुसून चष्मा सासऱ्यांना दिला, तर ते तो हातात घेऊन तसेच उभे. डोळे भरून आलेले.

"काय झालं, बाबा? चरा पडला का?"

"सूनबाई," ते म्हणाले, "ती काय म्हणाली, ऐकलंत का तुम्ही?"

आईनं मनातल्या मनात वाक्य पुन्हा ऐकलं. धाकटीनं. आजोबांच्या. चष्म्याला. चिकटपट्टीनं. सगळं जागच्या जागी. त्या दिवशी ती कामावर उशिरा पोचली.

त्यानंतरही चुका झाल्या, पण कमी कमी होत गेल्या. थोरली आता बोट दाखवत नव्हती. उलट, गप्प बसायला सांगावं लागत होतं.

मध्यंतरी एका बाबांचा फोन आला. तिघांच्या आईनं नंबर दिला होता. त्यांच्या मुलाची अशीच अडचण होती, आणि त्यांना एकच विचारायचं होतं: "ताई, तुम्ही शेवटी कुठला अभ्यासक्रम निवडला?"

आई मेणाची पट्टी हातात घेऊन उभी होती. "म्हणजे असं बघा," तिनं सुरुवात केली. "आम्ही विभक्ती पाठ करून घेतली. त्यानं काही झालं नाही. म्हणजे झालंही असेल. मग पत्ते आणले, त्यानं ती बोलायची थांबली. पण धाकटीच्या खेळातली वाक्यं तिच्या कानावर पडतच होती, त्यामुळं त्याचा उपयोग झालाच नाही असंही नाही. मग एक आजी यायला लागल्या. आणि कानही तोपर्यंत बरा होऊन बरेच महिने झाले होते, डॉक्टर म्हणतात की वेळ लागतोच."

"हो, पण मी नेमकं काय घेऊ?" पलीकडून आवाज आला. तो आवाज इतका दमलेला होता की आईला स्वतःचाच वाटला.

तिला त्यांना काहीतरी ठाम सांगायचं होतं. फार वाटत होतं.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला माहीत नाही हो. पण तुमचा मुलगा आत्ता जवळ आहे का? त्याला फोन द्या ना. मला लाइनवर थोडं कमीच ऐकू येतंय."

खरं तर लाइन अगदी स्वच्छ होती. पलीकडं खुसफुस झाली, मग एक बारीक श्वास ऐकू आला. आईनं मेणाची पट्टी खाली ठेवली आणि विचारलं, "हॅलो, कोण बोलतंय? कोणाचा मुलगा तू?"