हिरवं तेल प्यालेला पंप

मित्रांनो, माझ्या अंगावरचा हिरवा रंग बघून फसू नका. मी एक जुना डिझेलचा पंप आहे. गोव्यातल्या धारगळला डोंगराच्या पायथ्याशी एक झर, म्हणजे डोंगरातून पाझरणारा झरा, होती. तिच्या काठावर, माडाच्या चुडतांनी शाकारलेल्या खोपीत माझं सारं आयुष्य गेलं.

गोवा मुक्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, तेव्हा भिकाजींनी मला बैलगाडीतून आणलं. झरीचं पाणी मी मिरचीला, भेंड्यांना, तांबड्या भाजीला पाजायचो. त्यांची बायको शेवंती ती भाजी पाटीत भरून हमरस्त्याच्या कडेला विकायला बसायची. भिकाजी गेले, तरी तिची चूल त्या पाटीवरच पेटत राहिली. धूर मात्र मी भरपूर ओकायचो, हे कबूल करतो. शेवंतीची भाजी डिझेलावर वाढते, अशी शेजारच्या बायका तिची चेष्टा करायच्या.

मुलगा शिवदास मनाचा चांगला. त्याने एका मेळाव्यात ऐकलं की मोगली एरंडाच्या बियांच्या तेलावर इंजिन चालतं, धूर कमी होतो, हवा स्वच्छ राहते. ते काही खोटं नव्हतं. डोंगरावरची काजू, किंदळ, जांभळाची झाडं तोडून तिथे एरंड लावायचं त्याने ठरवलं. आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. शिवदासने देवळात कौल घेतला. मूर्तीला लावलेली उजवी पाकळी पडली. देवाने होकार दिला म्हणून तो हरखून घरी आला, आणि आठवड्याभरात डोंगर बोडका झाला.

तीन वर्षांनी तेल आलं; सगळे त्याला हिरवं तेल म्हणायचे. मी ते प्यालो आणि खरंच सांगतो, छाती हलकी झाली. धूर निम्म्यावर आला. शिवदासने मला हिरवा रंग दिला. पेडण्याहून माणसं बघायला आली, कोणी तरी हारसुद्धा घातला. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता. मी अगदी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

पण बोडक्या डोंगरावर पावसाचं पाणी थांबेना. तांबडी माती घेऊन ते थेट खाली धावू लागलं. मे संपेपर्यंत वाहणारी झर शिगम्यालाच, होळीच्या सुमारास, आटायला लागली. मग एका वर्षी माघातच माझ्या पाइपात आधी चिखल आला, नंतर नुसती हवा. टाकीत हिरवं तेल काठोकाठ होतं. शेवंतीची मिरची उभ्या उभ्या सुकली.

ती खोपीत येऊन बसली. शिवदास माझी नळी पुन्हा पुन्हा झटकत होता. तिने हळूच विचारलं,

"शिवदासा, कौलाक काय इचारलंस तू?"

"एरंडाचा तेल काढू काय, म्हणून."

"आणि झाडां मारू काय, ह्यां?"

शिवदासने नळी खाली ठेवली. "ता इचारूक नाय गे आये."

शेवंतीने देवाला बोल लावला नाही, मुलालाही नाही. मला मात्र माझ्या रंगाची लाज वाटली.

आता घरापुरतं पाणी टँकर आणतो. काळा धूर सोडत तो चढ चढतो. मळ्याला पाणी नाही, त्यामुळे हमरस्त्यावरची शेवंतीची जागा दुसऱ्या बाईने घेतली. सत्तरी उलटलेली शेवंती पावसाच्या तोंडावर कमरेत वाकून डोंगरावर काजूच्या बिया पुरते. ती झाडं मोठी होऊन झर पुन्हा वाहील तेव्हा आपण नसू, हे तिला ठाऊक आहे.

मित्रांनो, नवं इंधन आलं, नवी गाडी आली, तर नाक मुरडू नका. धूर कमी झाल्याचं सुख मी स्वतः भोगलं आहे. पण धूर किती, एवढंच विचारून थांबू नका. ते इंधन कुठून आलं, त्याच्यासाठी काय मारलं, हेही विचारा. आणि झाडं उभी आहेत तोवर विचारा. आमच्या घरात तो प्रश्न निघाला, तेव्हा झर आटली होती.