खंडेनवमीला भरलेली कॉइल

केदारी ‘नवप्रकाश’ ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो, ही गोष्ट हुबळीत त्याला आणि त्या गिटारला सोडून कुणालाच पटत नव्हती. स्टेजवर गडी दिसायचा झकास. तेल चोपडून बसवलेला भांग, पायघोळ बेलबॉटम, छातीवर तांबडी गिटार. ऐकू मात्र यायचा नाही. गोव्याहून जुनीच घेतलेली ती गिटार दमेकऱ्यासारखी बोलायची आणि ढोलकी सुरू झाली की तेवढंही बोलेना. शेजारची लक्कव्वा दर कार्यक्रमानंतर केदारीच्या आईला, कमळाबाईला विचारायची, “तुझ्या पोराला नुसतं उभं ऱ्हायाला बोलवत्यात काय गं?”

कमळाबाई तिथे हसून सोडून द्यायची. पण घरी शिलाई मशीनवर बसली की म्हणायची, “फुडं बसून कान टवकारून ऐकलं बघ केदारी. ढोलकी ऐकली, पेटी ऐकली. तुझं काय आलं न्हाई.” लक्कव्वाचं बोलणं केदारी या कानानं ऐकून त्या कानानं सोडायचा. आईचं हे वाक्य मात्र त्याला फार लागायचं.

त्यात ऑर्केस्ट्राचा मालक प्रभंजन एक दिवस बोलून गेला, “दसऱ्याला धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम आहे. त्यातही तुझा आवाज आला नाही, तर पुढं तुझा भाग मी ऑर्गनवर डाव्या हातानं वाजवतो.”

खंडेनवमीच्या सकाळी गोकुळ रोडवर बाळाप्पा अण्णांच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात पूजा झाली. केदारी तिथंच कामाला होता. पाना, पक्कड, तार गुंडाळायचं यंत्र, सगळ्यांना झेंडूचे हार पडले आणि सुटी मिळाली. केदारी घरी आला आणि आयती सवड मिळालीच म्हणून त्यानं गिटारचा पिकअप उघडला. पिकअप म्हणजे तारांखालची लांबट काळी डबी. तारेची थरथर हीच अँप्लिफायरपर्यंत पोचवते. जळालेल्या मोटारींत रोज नवी तार भरणाऱ्या या माणसाला स्वतःच्या गिटारला हात लावायची आजवर छाती झाली नव्हती. आत लोहचुंबक ठणठणीत होतं. त्याच्याभोवतीची केसाएवढी तार मात्र गोव्याच्या खाऱ्या हवेनं हिरवी पडली होती. केदारीनं बोट लावलं आणि तिचे तुकडे तुकडे झाले. होता नव्हता तो आवाजही गेला!

तो धावत अण्णांकडे गेला. अण्णांनी यंत्राकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं आणि कानाला हात लावले.

“जीव तुटतोय बघ. पण आज आयुध फिरवायचं न्हाई.”

“अण्णा, उद्याच हाय की हो कार्यक्रम!”

अण्णांनी पुन्हा एकदा हाराकडे पाहिलं. मग कपाटातून मीटरच्या कॉइलचं बारीक तारेचं रीळ काढून त्यांनी त्याच्या हातात कोंबलं. “तार घेऊन जा. तार म्हंजे माल. मालाची पूजा मी कुठं केलोय?”

रीळ मिळालं, पण फिरवायचं कशावर? केदारी उंबऱ्यावर डोकं धरून बसला. कमळाबाई उद्याचे पांढरे सदरे शिवत होती.

“अण्णाच्या मशीनला हार घातला असंल,” ती पायडल न थांबवता म्हणाली. “तुझ्या अप्पानं धम्माची दीक्षा घेतल्यापासनं आपल्या घरात मशीनला हळदकुंकू न्हाई. तेल तेवढं घालते. हिला काय झालंय?”

केदारीनं आईकडे बघितलं आणि उडीच मारली. मशीनच्या चाकाचा पेच ढिला केला, म्हणजे सुई जागेवर राहील. चाकावर फळी बांधली, फळीवर पिकअप. तारेचं टोक चिमटीत धरून तो म्हणाला, “चालव.”

दिवाळीचं शिवण अंगात भिनलेल्या कमळाबाईनं पायडल असं हाणलं, की तार तटकन तुटली.

“हळू, अव्वा!”

पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. तेव्हा कमळाबाई म्हणाली, “उद्याचं पैलं गाणं कसं हाय, म्हण बघू.” त्यानं चाल धरली. तीही गुणगुणू लागली आणि तिचे पाय त्या ठेक्यावर पडू लागले. आता तार सरळ वेटोळ्यांत बसत गेली. मध्येच गाणं रंगात आलं की पाय पळायचे आणि केदारी ओरडायचा, “हळू, अव्वा!” उन्हं कलेपर्यंत डबी काठोकाठ भरली. दोघंही घामाघूम झाली होती आणि उगाचच हसत होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी मैदान पांढऱ्या कपड्यांनी फुलून गेलं. अण्णाही मागे येऊन उभे राहिले. प्रभंजननं खूण केली आणि केदारीनं पहिला सूर सोडला. तो स्टेजच्या फळ्यांतून थेट पहिल्या रांगेपर्यंत गेला. ढोलकीवाला दचकून वळला. प्रभंजननं ऑर्गनवरचा डावा हात उचलला आणि सरळ मांडीवर ठेवला. केदारीला इतका आनंद झाला, की दुसरा सूर चुकता चुकता राहिला.

त्यानं आईला शोधलं. लक्कव्वा तोंडाला पदर लावून तिला काहीतरी विचारत होती, त्याच्याकडे बोट दाखवत. कमळाबाईनं मान हलवली. तिनं आधी केदारीकडे बोट दाखवलं आणि मग वाकून, मोठ्या ऐटीत, स्वतःच्या पायांकडे.

ते पाय खुर्चीखाली पायडल मारत होते. गाणं रंगात आलं, तसे ते पळायला लागले आणि त्यांच्याकडे बघता बघता केदारीची बोटंही पळायला लागली. ढोलकीवाल्यानं डोळे वटारले.

केदारीला हसू आवरेना. समोरच्या माइकचं भान न राहून तो ओरडला, “हळू, अव्वा!”

तेही साऱ्या मैदानाला ऐकू गेलं.