बसच्या टपावरची जागा

आमच्या इसिओलोत उंटिणीचं दूध विकणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण नैरोबीच्या बसच्या टपावर सगळ्यात पुढची जागा बावीस वर्षं एकाच बाईची होती. ती बाई मी, बरवाको. कंडक्टर बदलले, बसमालक बदलले, माझी जागा बदलली नाही. एकदा एका नव्या कंडक्टरने माझे कॅन उचलून डिकीत टाकले, तर मी बससमोर बसकण मारली आणि पाऊण तास बस हलू दिली नाही.

जागेसाठी एवढं भांडण का, तर दुधासाठी. कॅनला ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि वारा थेट लागेल असा तो पुढे बांधायचा. वारा गोणपाटातलं पाणी घेऊन जातो आणि जाताना दुधाची ऊबही घेऊन जातो. डिकीतल्या कॅनचं गोणपाटही तेवढंच ओलं असतं, पण तिथे वारा नाही, आणि ते दूध वाटेतलं थिका गाव यायच्या आधीच नासतं. तापाने फणफणलेल्या लेकराच्या अंगावरून ओलं फडकं फिरवून आपण वारा घालतोच ना, तसंच हे. मला शाळा माहीत नाही, पण हे माहीत आहे आणि ते मी कुणालाही ठणकावून सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्हा एकतीस जणींच्या मंडळाला दूध गार करायची टाकी मिळाली. सहाशे लिटरची, चकचकीत. अध्यक्ष अर्थातच मी. टाकी आत आणि तिची उष्णता बाहेर टाकणारं यंत्र मागच्या अंगणात, जाळी आणि पंखा असलेलं. अंगणात धूळ, शेळ्या, येणारे-जाणारे. इतकं महागाचं यंत्र उघड्यावर ठेवायचं म्हणजे आपली अब्रू उघड्यावर ठेवण्यासारखं, असं मला वाटलं. मी त्याच्याभोवती चारी बाजूंनी पत्र्याची खोली बांधून घेतली, वर छप्पर, दाराला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यात.

"नव्या नवरीलासुद्धा इतकं कोंडत नाहीत गं," हलीमो म्हणाली. हलीमो माझी जाऊ. तिच्या जिभेला हाड नाही.

"तुझ्या शेळ्यांनी वायर खाल्ली म्हणजे कळेल," मी म्हटलं.

थंडीचे महिने नीट गेले. फेब्रुवारीत ऊन चढलं आणि यंत्र रोज दुपारी बंद पडायला लागलं. खट् आवाज व्हायचा आणि पंखा थांबायचा. दोनदा पाठवलेलं दूध नासून पोचलं. नैरोबीत ईस्टलीला आमचं दूध घेणारी निम्को गेल्या पंधरा वर्षांत कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. तिने फोन केला, "बरवाको, मी गिऱ्हाइकांना काय तोंड दाखवू? आज तिसऱ्यांदा नासलं, तर उद्यापासून मी दुसरीकडून घेईन." एकतीस घरं त्या दुधावर जगतात.

त्या दिवशी दहाला टाकी भरली, सहाशे लिटर. बाराला खट्. मेरूहून बोलावलेली मेकॅनिक तेवढ्यात पोचली. कगेंडो नाव, पंचविशीची मुलगी, हातात पान्यांची पेटी. तिने मागे जाऊन माझी खोली पाहिली आणि पेटी उघडलीसुद्धा नाही.

"ही खोली कुणी बांधली?"

"मी."

"ही पाडा, मावशी."

माझं डोकंच फिरलं. "अगं, तू यंत्र बघायला आलीस की माझं बांधकाम? गॅस बघ, वायरी बघ. खोली इतके महिने उभी आहे."

"यंत्राचा काही दोष नाही. त्याला श्वास घेता येत नाहीये."

"लोखंडाला कसला आलाय श्वास?"

ती वाद घालत बसली नाही. तिने यंत्र पुन्हा चालू केलं आणि म्हणाली, "आत जाऊन उभ्या राहा. दार लावून घ्या."

मागे हलीमो आणि दहा-बारा जणी उभ्या होत्या. माघार घेणं शक्यच नव्हतं. मी आत गेले आणि दार ओढलं. पंखा गरम हवा फेकत होता, ती पत्र्यावर आपटून मागे वळत होती आणि यंत्र तीच हवा परत ओढत होतं, आणखी गरम करून पुन्हा फेकत होतं. भाकरीच्या भट्टीत डोकं घातल्यासारखं झालं. घाम फुटला, पण तो वाळेना, नुसता अंगावरून ओघळत राहिला. आणि मला एकदम कळलं. मी यंत्राला बसच्या डिकीत कोंबलं होतं. जिने डिकीवरून अख्खी बस अडवली होती, तिनेच.

लाज वाटली, खोटं कशाला बोलू? यंत्र खट् करून थांबलं तशी मी बाहेर आले, किल्ली गळ्यातून काढून हलीमोच्या हातात दिली आणि म्हटलं, "पत्रे काढा सगळे. फक्त छप्पर राहू दे, सावलीला."

हलीमोने तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघून मिटलं. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच झालं असेल.

दोनपर्यंत चारी भिंती निघाल्या. यंत्र चालू राहिलं, पण कगेंडोच्या कपाळावरची आठी गेली नाही. ती टाकीवरचा तापमानाचा आकडा बघत होती. बावीस. "बाहेरची हवाच अडतीस आहे, मावशी. ते दमतंय. सहाच्या गाडीपर्यंत चारवर येणं कठीण आहे."

"ही हवा आत शिरते कुठून?"

"मागच्या जाळीतून."

"हलीमो, गोणपाटं आण. घराघरातून आण."

कगेंडो घाबरली. "जाळीवर पाणी ओतू नका हं. इथलं पाणी खारं आहे, मीठ धरेल, जाळी सडेल."

"जाळीवर ओततंय कोण? मला हवा भिजवायची आहे."

ती स्वतःच दोरी घेऊन छपराच्या खांबांना बांधायला लागली. "जाळीपासून दोन हात लांब टांगा. आणि अगदी दाट नको, हवा शिरली पाहिजे."

"टांगण्यातलं तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं. ती हसली. मग मीही हसले.

आम्ही बायका ओळीने उभ्या राहिलो आणि हौदापासून गोणपाटांपर्यंत तांबे फिरवत राहिलो. मी गोणपाटामागे हात धरून बघितला. गार. बसच्या टपावर पहाटे लागतो तसा वारा. आकडा उतरायला लागला. अठरा. तेरा. आठ. साडेपाचला चार झाला आणि हलीमोने उरलेला तांब्या माझ्या डोक्यावर रिकामा केला. "हीसुद्धा तापली होती," ती सगळ्यांना म्हणाली.

निघताना कगेंडो वहीत लिहायला लागली. "बिघाडाचं कारण म्हणून हवा अडली असं लिहिते. कुणाचं नाव लिहीत नाही, मावशी."

"लिही. खोली बरवाकोने बांधली असं लिही. म्हणजे खाली गोणपाटं बरवाकोची असंही लिहावं लागेल."

तिने दोन्ही लिहिलं. मी हलीमोकडून वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्कोचा फोन आला, सगळ्या जणी कान लावून बसल्या होत्या. "दूध आत्ताच काढल्यासारखं आहे गं. नवीन यंत्र घेतलंत की काय?"

"जुनंच आहे," मी म्हटलं. "डिकीतून काढून टपावर बसवलंय."